अभिलाषेची आवरणे: स्त्रीप्रेक्षक आणि मराठी बोलपटाचे दशक

वऱ्हाडच्या भूमीला स्त्रीच्या अभिलाषेची कथा नवी नाही. अमरावती जिल्ह्यातील कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते, आणि अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून श्रीकृष्णाने तिचे हरण केले अशी येथील लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. मात्र ते हरण तिनेच घडवून आणले होते. भावाने ठरविलेला वर नाकारून, मनाने वरलेल्या पुरुषाला तिनेच पत्र धाडले आणि येण्याचा दिवसही तिनेच कळविला. महानुभाव कवी नरेंद्राने आणि पुढे एकनाथांनी ही कथा मराठीत आणली, आणि उपवर मुलीने ‘रुक्मिणीस्वयंवरा’चे पारायण केले म्हणजे मनाजोगा वर मिळतो, असा परिपाठ मराठी घरांत शतकानुशतके चालत आला. वडीलधाऱ्यांनीच मुलीच्या हाती दिलेली ही पोथी एका तरुणीच्या उघड अभिलाषेची पोथी होती. वर भक्तीचे वस्त्र होते म्हणून तिला कोणी हरकत घेतली नाही.

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात मुंबई, पुणे आणि कोल्हापूर येथील चित्रसंस्थांनी स्त्रियांच्या मनातील शृंगार पडद्यावर आणला, तो याच वाटेने आणला, असे माझे मत आहे. पुराणकथा, समाजसुधारणा, विनोद आणि संगीत अशी एकामागून एक आवरणे त्यांनी निर्माण केली. ती केवळ सरकारी अभ्यवेक्षकाच्या भीतीने निर्माण झाली नाहीत, तर तिकीट काढून येणारी गृहिणी आपल्या सासूच्या शेजारी निर्वेधपणे बसू शकावी या व्यावहारिक गरजेतूनही ती निर्माण झाली. त्या दशकाचा इतिहास लिहिताना दिग्दर्शकांची नावे पुष्कळ घेतली जातात. जिच्या पैशावर तो सारा व्यवहार उभा होता ती प्रेक्षक स्त्री मात्र बहुधा अनुल्लेखित राहते. प्रस्तुत लेखाचा रोख तिच्याकडे आहे.

अमरावतीचे या व्यवहारातील स्थान नीट ध्यानात घेतले पाहिजे. कापसाच्या पैशाने समृद्ध झालेले हे शहर चित्रपटांच्या व्यापारातही पेठेचे ठिकाण होते. मुंबईच्या चित्रव्यवसायाने हिंदुस्थानचे जे व्यापारी इलाखे पाडले त्यांतील मध्यप्रांत-वऱ्हाडच्या इलाख्यास आजतागायत ‘सी. पी. बेरार’ असेच म्हणतात. १९५६ साली वऱ्हाड मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, परंतु वितरकांच्या दफ्तरातील जुने नाव पुसले गेले नाही. भुसावळ आणि अमरावती ही या इलाख्यातील वितरकांची जुनी ठाणी होत. मुंबई-नागपूर लोहमार्गावर बडनेरा, तेथून अमरावतीचा फाटा, आणि बडनेऱ्याच्या रस्त्याने शहरात शिरताना लागणारी राजापेठ, असा बाहेरच्या जगाचा या गावात येण्याचा मार्ग आहे. परकोटाबाहेर वाढलेल्या नव्या वस्तीत राजकमल, चित्रा, श्याम, प्रभात या चौकांना मिळालेली नावे चित्रपटगृहांवरून आली आहेत. देवांची आणि पुढाऱ्यांची नावे चौकांना देणाऱ्या आपल्या देशात एका शहराने आपल्या वाटा चित्रगृहांच्या नावांनी ओळखाव्यात, यावरून या कलेने तेथील नित्यजीवनात केवढी मुळे धरली होती ते उघड होते.

या चित्रगृहांत स्त्रिया कशा आल्या, हा पहिला प्रश्न. १८९६ सालच्या जुलै महिन्यात ल्युमिएर बंधूंचे हलते चित्र मुंबईत प्रथम दाखविले गेले, तेव्हाच्याच जाहिरातींत पडदानशीन स्त्रियांसाठी राखीव कक्षांची सोय जाहीर झालेली आढळते. म्हणजे हिंदुस्थानात हा खेळ आला त्याच महिन्यात व्यापाऱ्याने स्त्रीला प्रेक्षक म्हणून हिशेबात धरले होते. दादासाहेब फाळके यांच्या पौराणिक चित्रांनी हा हिशेब पक्का केला. हरिश्चंद्राची किंवा कृष्णाची कथा पाहणे हे पुण्यकर्माच्या इतके निकट होते की तेथे जाण्यास घरातून परवानगी मिळण्याची अडचण उरली नाही. आणि एकदा उंबरठा ओलांडून पाय चित्रगृहापर्यंत गेला म्हणजे पुढच्या आठवड्यात कोणते चित्र लागते याची चौकशीही ओघानेच आली.

मराठी स्त्रीच्या दृष्टीला त्याहीपूर्वी एक शाळा मिळालेली होती, ती संगीत रंगभूमीची. खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’ नाटकात १९१६ साली बालगंधर्वांनी रुक्मिणी उभी केली, तेव्हा प्रियकराच्या कल्पनेने मोहरणारी तरुणी कशी दिसते, तिचा पदर कसा ढळतो आणि सावरतो, हे मराठी कुलस्त्रियांनी एका पुरुषाच्या देहात पाहिले. आणि नुसते पाहिले नाही, तर त्याची नेसण, त्याचा अंबाडा, त्याचे दागिने यांचे अनुकरण केले. पुरुषाने धारण केलेले स्त्रीरूप होते म्हणून ते पाहण्यात लज्जेचे कारण नव्हते. पुढे १९३५ साली बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात पुरुषवेषाने, संत एकनाथांच्या भूमिकेत, पडद्यावर आले. परंतु तोवर पडद्यावर खऱ्या स्त्रिया येऊन स्थिरावल्या होत्या आणि काळ पालटला होता.

स्त्रियांची अभिलाषा हाच आपल्या मालाचा आधार आहे हे उघडपणे ओळखणारा पहिला मोठा चित्रव्यवसाय मात्र अमेरिकेचा. १९२१ साली पॅरामाउंट संस्थेचा ‘द शेक’ प्रदर्शित झाला. त्याची मूळ कादंबरी एका इंग्रज स्त्रीने लिहिलेली होती आणि तिच्या वाचकही मुख्यतः स्त्रियाच होत्या. त्यातील नायक रुडॉल्फ व्हॅलेंटिनो यास मोठ्या भूमिकेसाठी प्रथम निवडून पुढे आणले ते जून मॅथिस या पटकथालेखिकेने. पुरुषाचे सौंदर्य हे स्त्रियांनी पाहण्यासाठी पडद्यावर मांडावयाचे, ही कल्पना त्या चित्रांनी रूढ केली. आणि २३ ऑगस्ट १९२६ रोजी तो वयाच्या एकतिसाव्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये मरण पावला तेव्हा त्याच्या अंत्यदर्शनासाठी लोटलेल्या प्रचंड जनसमुदायात स्त्रियांची जी दाटी झाली ती पाहून अमेरिकेतील नीतिरक्षक हादरून गेले. परंतु व्हॅलेंटिनोच्या त्या चित्राला एक काळीकुट्ट बाजू आहे: नायक नायिकेला बळाने पळवून नेतो आणि अखेरीस तीच त्याच्या प्रेमात पडते. स्त्रीच्या इच्छेला मान देण्याऐवजी तिच्या अनिच्छेलाच इच्छेचे रूप देणारी ही कथा होती. आपल्याकडील रुक्मिणीने कृष्णाला आधी पत्र पाठविले होते, हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

विदेशी चित्रांतील चुंबने आणि आलिंगने हिंदुस्थानातील गोऱ्या अंमलदारांना डाचू लागली होती, आणि त्याचे कारण नैतिक कमी व राजकीय अधिक होते. गोऱ्या स्त्रीला पडद्यावर कोणाच्या तरी बाहुपाशात पाहून ‘नेटिव्हां’च्या मनातील साहेबाची जरब कमी होईल, ही त्यांची चिंता. १९१८ सालचा सिनेमॅटोग्राफ कायदा, त्यानुसार १९२० साली मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे नेमलेली अभ्यवेक्षण मंडळे, आणि १९२७ साली दिवाणबहादूर टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेली चौकशी समिती ही या चिंतेची आणि ब्रिटिश चित्रांचा खप वाढविण्याच्या व्यापारी हेतूची संयुक्त अपत्ये होत. समितीने देशभर फिरून साडेतीनशेच्या आसपास साक्षीदार तपासले. तिच्या प्रश्नावलीत स्त्रिया व मुले चित्रगृहात किती येतात, त्यांच्यावर काय परिणाम होतो, याची विचारणा होती. १९२८ सालच्या अहवालाने विदेशी चित्रांविषयीची ओरड अवास्तव ठरविली आणि देशी व्यवसायाला उत्तेजन द्यावे असे सुचविले. सरकारने ते सारे दफ्तरदाखल केले.

मध्यप्रांत-वऱ्हाडात या मूळच्या चार मंडळांपैकी एकही नव्हते. मुंबईच्या मंडळाचा दाखला येथे चाले. मात्र जिल्हा मॅजिस्ट्रेटला एखाद्या चित्राचा परवाना आपल्या हद्दीपुरता तहकूब करण्याचा अधिकार कायद्याने दिलेला होता. त्यामुळे अमरावतीच्या वितरकाला मुंबईच्या मंडळाची मर्जी सांभाळावी लागे, स्थानिक अंमलदाराची सांभाळावी लागे, आणि सर्वांत अधिक जपावे लागे ते गावातील प्रतिष्ठित घरांना. कारण स्त्रियांनी पाठ फिरविलेले चित्र पहिल्या आठवड्यातच पेटीत परत जाई. कायद्याच्या कलमांत चुंबनाचे नाव कोठेही नव्हते. मूकपटांच्या काळात ते पडद्यावर दिसतही असे. हिमांशु राय यांच्या १९२९ सालच्या ‘प्रपंच पाश’ मध्ये चारु राय आणि सीतादेवी यांचे चुंबन आहे. त्यांच्याच ‘कर्मा’त देविकाराणी आणि हिमांशु राय या पतिपत्नींचे प्रदीर्घ चुंबन आले. १९३३ साली हा बोलपट प्रथम लंडनला झळकला आणि तेथे देविकाराणीच्या इंग्रजी उच्चारांची वाहवा झाली. परंतु त्याची हिंदी आवृत्ती देशात आली तेव्हा तिला येथील प्रेक्षकांनी जवळ केले नाही. पुढच्याच वर्षी या दांपत्याने मालाडला बॉम्बे टॉकीजची स्थापना केली, आणि ‘कर्मा’चा धडा तेथे नीट गिरवला गेला: खेडे, जातिभेद, निष्फळ प्रीती, गाणी, आणि स्पर्शाच्या अलीकडे थांबणारा कॅमेरा. १९३६ सालच्या ‘अछूत कन्या’ने याच सूत्रावर मोठे यश मिळविले, आणि तिच्या संगीताची जबाबदारी सरस्वतीदेवी या स्त्रीने सांभाळली होती, ही गोष्ट विसरता येत नाही.

महाराष्ट्रात याच सुमारास पडद्याबाहेर एक वादळ उठले होते. १९३३ साली ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. शिकलेल्या, वय वाढलेल्या, अविवाहित मुलींच्या मनातील कोंडमारा त्यात इतक्या निःसंकोचपणे व्यक्त झाला होता की लेखिका कोण याचा शोध घेण्यासाठी सारा सुशिक्षित समाज उतावीळ झाला. वाशीमला जन्मलेल्या गीता साने यांच्या कादंबऱ्या १९३६ पासून येऊ लागल्या आणि वऱ्हाडच्या मातीतून स्त्रीच्या बंडखोरीचा एक सडेतोड स्वर मराठीत मिसळला. र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ पासून चालू होते. संततिनियमनाबरोबरच स्त्रीलाही कामसुखाचा अधिकार आहे असे ते निर्भीडपणे सांगत असत, आणि त्यापायी अश्लीलतेचे खटले सोशीत असत. १९३४ सालच्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. दंड झालाच, परंतु लैंगिक विषयावर बोलणे म्हणजे अश्लीलता नव्हे, ही भूमिका न्यायालयात मांडली गेली. असे वारे वाहत असताना प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुराहून पुण्यास आली होती, आणि तिच्या धुरीणांच्या कानी हे काही पडत नव्हते असे मानणे कठीण आहे.

प्रभातने आधी पुराणाचा आणि कल्पितकथेचा आश्रय घेतला. १९३६ सालच्या ‘अमरज्योती’त दुर्गाबाई खोटे यांनी उभी केलेली सौदामिनी पुरुषांच्या कायद्याविरुद्ध उठून समुद्रावर चाच्यांची राणी होते, कुलीन घराण्यातील सुशिक्षित स्त्री पडद्यावर मोकळ्या केसांनी हुकूम सोडताना पाहणे हा त्या काळच्या गृहिणींना केवढा विलक्षण अनुभव असेल! परंतु ती कथा दूरच्या, काल्पनिक राज्यातली. आपल्या वाड्यातील माजघराची कथा १९३७ साली आली, ‘कुंकू’.

नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर व्ही. शांताराम यांनी हा चित्रपट मराठीत आणि ‘दुनिया न माने’ या नावाने हिंदीत काढला. बाला-जरठ विवाहाचा विषय मराठी मनाला नवा नव्हता. देवलांच्या ‘शारदा’ नाटकाने १८९९ साली तो रंगभूमीवर आणून समाजाला रडविले होते, आणि १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरवून दिले होते. पण शारदा ही दयेची याचना करणारी मुलगी होती. शांता आपटे यांची नीरा दया मागत नाही. मामाने पैशाच्या लोभाने आपल्याला फसवून एका वृद्ध वकिलाच्या गळ्यात बांधले हे कळताच ती त्या घरात राहते, काम करते, परंतु त्या पुरुषाला पती म्हणून जवळ येऊ देत नाही. आणि हा नकार ती कोपऱ्यात मुसमुसत न देता मान वर करून, समोरासमोर देते. लगटपणा करणाऱ्या सावत्र मुलाला ती चोप देते. केशवराव दाते यांनी साकारलेले काकासाहेब आरशासमोर आपले वार्धक्य लपवू पाहतात, पांढऱ्या मिशीला कलप लावतात, तेव्हा कॅमेरा त्यांच्या देहाकडे ज्या निर्दयतेने पाहतो ती दृष्टी तरुण पत्नीची आहे. स्त्रीच्या नजरेने पुरुषदेह पाहण्याचे, आणि तो नापसंत करण्याचे, इतके धीट उदाहरण त्याआधीच्या मराठी पडद्यावर मला आढळत नाही. व्हॅलेंटिनोकडे पाहून अमेरिकन स्त्रियांनी जे अनुभवले त्याची ही उलट बाजू आहे. पण कामनेच्या इतिहासात नकाराचा अधिकार आधी येतो आणि निवडीचा नंतर, म्हणून ‘कुंकू’ला मी या कथेच्या मध्यभागी ठेवतो.

शांतारामांनी या चित्रपटात पार्श्वसंगीत वर्ज्य केले. घड्याळाची टिकटिक, रस्त्यावरचे आवाज, भांड्यांचा खणखणाट एवढ्याच ध्वनींवर त्यांनी वाड्यातील घुसमट उभी केली. आणि अशा त्या वातावरणात नीरा लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते तेव्हा बाहेरच्या विस्तीर्ण जगाची झुळूक आत आल्यासारखी वाटते. काकासाहेबांच्या सुधारक विधवा मुलीची भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली. रँग्लर परांजप्यांच्या या कन्येने पुढे संततिनियमनाच्या प्रसारासाठी र. धों. कर्वे यांच्या कार्याशी स्वतःला जोडून घेतले; म्हणजे ‘समाजस्वास्थ्या’चा आणि ‘प्रभात’चा प्रवाह एका व्यक्तीच्या ठायी मिळालेला होता. चित्रपटाच्या अखेरीस मात्र काकासाहेब आपले जीवन संपवितात आणि नीरेने पुन्हा विवाह करावा अशी इच्छा मागे ठेवतात. तिला मोकळीक मिळते ती तिच्या लढ्याने नव्हे, तर एका पश्चात्तप्त वृद्धाच्या मृत्यूने. समाजसुधारणेचे आवरण येथवरच पोहोचू शकत होते. आणि नीरेला काय नको हे सांगणाऱ्या त्या चित्रपटाने तिला काय हवे हे सांगितले नाही.

ते सांगण्याचे धाडस पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सने केले, आणि ते विनोदाच्या पडद्याआडून केले. मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी १९३६ साली ही संस्था काढली होती. १९३८ सालच्या ‘ब्रह्मचारी’ची कथा आचार्य अत्र्यांची. औदुंबर नावाचा एक तरुण ब्रह्मचर्यावरील व्याख्यान ऐकून भारावतो, नट्यांची जमविलेली चित्रे फेकून देतो, स्वावलंबनाच्या आश्रमात जातो आणि स्त्रीजातीपासून दूर राहण्याचा निर्धार करतो. तेथे त्याला किशोरी भेटते. मीनाक्षी शिरोडकर यांनी रंगविलेली ही किशोरी औदुंबराच्या प्रेमाची वाट पाहत बसत नाही. तिला तो आवडला आहे, तो पळतो आहे, आणि पाठलाग तीच करते आहे. ज्या प्रसंगाने सारा महाराष्ट्र हादरला त्यात ती पोहण्याच्या पोशाखात पाण्यात उतरून गाणे म्हणत त्याला बोलावते. कृष्णाच्या यमुनेचा संकेत त्या गीतात आहे; परंतु गवळणीचे नाव घेऊन येथे तरण तलावातील आधुनिक मुलगी उभी आहे, आणि काठावर भांबावून उभा राहिलेला पुरुष आहे. भक्तीचे, विनोदाचे आणि संगीताचे तिहेरी आवरण एका गाण्यात गुंफण्याची ही किमया अत्र्यांचीच.

मीनाक्षीबाईंच्या त्या पोशाखावर टीकेचे रान उठले, आणि गर्दीही तितकीच लोटली. आता प्रश्न असा की, हा प्रसंग कोणासाठी होता? पुरुषांच्या डोळ्यांना तो मेजवानीच होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. चित्रसंस्थेलाही ते ठाऊक असले पाहिजे. तथापि कथेची रचना पाहिली तर हसे होते ते ब्रह्मचाऱ्याचे. किशोरीचे होत नाही. तिच्या इच्छेला शिक्षा होत नाही, तिला विषप्राशन करावे लागत नाही, संन्यास घ्यावा लागत नाही. ती जे मागते ते तिला मिळते आणि प्रेक्षागृह आनंदाने हसते. त्या हास्यात माजघरातून आलेल्या स्त्रियांचा स्वर मिसळलेला होता असे मी मानतो. कारण केवळ पुरुषांच्या कुतूहलावर कोणताही मराठी बोलपट दीर्घकाळ चालत नसे. ‘संत तुकाराम’ मुंबईत वर्षभराहून अधिक चालला तो ज्या कुटुंबांच्या बळावर, तीच कुटुंबे विनायक-अत्र्यांची प्रहसनेही पाहत होती.

पडद्यावर इच्छा व्यक्त करणाऱ्या या नट्यांना पडद्यामागे कोणते स्वातंत्र्य होते, हे पाहिले की चित्र अधिक गुंतागुंतीचे होते. १९३९ साली शांता आपटे प्रभातच्या दाराशी उपोषणास बसल्या. करार आणि वेतन यांविषयीची त्यांची ती तक्रार होती, आणि ‘कुंकू’तील नीरेचा करारीपणा त्यांनी कॅमेऱ्यापुढे उसना आणलेला नव्हता हे त्या दिवसांनी दाखविले. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून या धंद्याचे अंतरंग तरुणींसमोर मांडले. पदवीधर लीला चिटणीस हंस पिक्चर्सच्या ‘छाया’तून पुढे आल्या, १९३९ साली बॉम्बे टॉकीजच्या ‘कंगन’ने देशभर गाजल्या, आणि लवकरच लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकणारी पहिली भारतीय तारका ठरल्या. चित्रगृहातून उठून आलेल्या स्त्रीच्या मनात जे तरळत राही त्याला बाजारपेठेने साबणाच्या वडीत बसविले, आणि हा सौदा आजही चालू आहे.

महायुद्ध आले, कच्च्या फिल्मवर नियंत्रण आले, काळ्या पैशाचे नवे मालक आले आणि पगारी कलावंतांच्या बळावर चालणाऱ्या जुन्या चित्रसंस्था एकामागून एक कोसळल्या. शांताराम १९४२ साली प्रभातमधून बाहेर पडले. मास्टर विनायक १९४७ साली निवर्तले. स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या कायद्याने अभ्यवेक्षण केंद्राच्या हाती एकवटले, आणि या काळात स्त्रियांमधूनच विरोधाचा आवाज उठला हे नमूद केले पाहिजे: १९५४ साली दिल्लीच्या सुमारे १३,००० गृहिणींनी चित्रपटांच्या अनिष्ट प्रभावाविरुद्ध पंतप्रधान नेहरूंकडे अर्ज केला, आणि त्याच वर्षी लीलावती मुन्शी यांनी राज्यसभेत अनुचित चित्रपटांविरुद्ध ठराव मांडला. त्यांची तक्रार नुसती सोवळेपणाची म्हणून उडवून लावता येणार नाही. पडद्यावरील स्त्रीदेहाची जी विटंबना वाढू लागली होती ती त्यांना दिसत होती. दुर्दैव असे की, विटंबना आणि अभिलाषा यांत विवेक करण्याची फुरसत त्या कोलाहलात कोणाला मिळाली नाही, आणि पुढील दोन दशके मराठी नायिकेची शृंगारवृत्ती तमाशापटांतील लावणीपुरती उरली. तीही बहुतेक पुरुषांनी लिहिलेली आणि फडातील पुरुषांना उद्देशून गाइलेली.

न्यायमूर्ती खोसला समितीने १९६९ साली अहवाल दिला आणि कथेच्या ओघात आलेले चुंबन वा नग्नता वर्ज्य मानू नये असे सुचविले. त्याची अंमलबजावणी रेंगाळली. पण १९७७ साली मराठीत एक चित्रपट असा आला की ज्यात चुंबनाच्या वादाची गरजच पडली नाही. उषा मंगेशकर यांनी निर्मिलेला आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला ‘जैत रे जैत’, गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा. ठाकर समाजातील चिंधी नवऱ्याला सोडून येते आणि आपल्याला आवडलेल्या नाग्याला स्वतः मागणी घालते. स्मिता पाटील यांच्या चालण्यात, बघण्यात आणि गाण्यात जी देहाची निःशंक जाणीव आहे ती किशोरीच्या खट्याळपणाहून फार पुढची आहे, आणि त्या चित्रपटाची निर्माती स्त्री होती हा मला योगायोग वाटत नाही. चिंधीला अखेर मधमाश्यांच्या दंशाने मरण येते. नीरेच्या मुक्ततेसाठी एक पुरुष मरतो, चिंधीच्या अभिलाषेनंतर ती स्वतः मरते; इच्छेची किंमत मृत्यूने चुकती करण्याची ही रूढी मोडण्यास मराठी चित्रपटाला आणखी पाव शतक लागले.

ती अमोल पालेकरांनी मोडली. र. धों. कर्वे यांच्या जीवनावर २००१ साली ‘ध्यासपर्व’ काढल्यानंतर त्यांनी २००३ साली ‘अनाहत’ आणला. सुरेंद्र वर्मा यांच्या हिंदी नाटकावरील या चित्रपटात पुत्रप्राप्तीसाठी राणीला एका रात्रीपुरता पुरुष निवडण्यास राज्याचे अमात्य भाग पाडतात. सकाळी ती परत येते ती देहसुखाचा अर्थ उमगलेली स्त्री होऊन, आणि राजाला तसे स्पष्ट सांगते. सोनाली बेंद्रे यांनी ती राणी संयमाने केली. पुराणकाळाचे आवरण पुन्हा एकदा कामास आले. परंतु या वेळी आवरणाआड बोलले जाणारे वाक्य पूर्ण आणि स्वच्छ होते.

आवरण सर्वस्वी दूर केले तर काय होते ते दोन प्रसंगांनी दाखविले. दीपा मेहता यांचा ‘फायर’ अभ्यवेक्षण मंडळाने संमत केला असतानाही डिसेंबर १९९८ मध्ये मुंबईची चित्रगृहे फोडली गेली, आणि फोडणाऱ्यांच्या अग्रभागी शिवसेनेच्या महिला आघाडीच्या कार्यकर्त्या होत्या. चित्रपट पुन्हा मंडळाकडे गेला आणि १९९९ साली काटछाट न होता परतला. अलंकृता श्रीवास्तव यांच्या ‘लिपस्टिक अंडर माय बुरखा’ला जानेवारी २०१७ मध्ये मंडळाने दाखलाच नाकारला, आणि नकाराच्या पत्रात हा चित्रपट स्त्रीकेंद्री असून त्यात स्त्रियांच्या कल्पनाविश्वाचे चित्रण आहे, हेही एक कारण म्हणून नोंदविले. भोपाळच्या जुन्या वाड्यात राहणारी, चोरून शृंगारिक कादंबऱ्या वाचणारी पंचावन्न वर्षांची विधवा आत्या, ही रत्ना पाठक शहा यांची भूमिका त्या पत्राच्या मुळाशी होती यात शंका नाही. फिल्म सर्टिफिकेशन अपेलेट ट्रायब्यूनलने तो निर्णय फिरविला, चित्रपट २१ जुलै २०१७ रोजी प्रदर्शित झाला, आणि त्याच्या पाठीशी एकता कपूर यांची बालाजी ही मोठी चित्रसंस्था उभी राहिली. त्याच संस्थेने पुढच्या वर्षी ‘वीरे दी वेडिंग’ आणि २०२३ साली ‘थँक यू फॉर कमिंग’ आणला. स्त्रियांच्या मैत्रिणींशी चालणाऱ्या खासगी बोलण्याचा विषय आता मोठ्या भांडवलाचा विषय झाला.

ज्या अपील न्यायाधिकरणाने ‘लिपस्टिक’ला वाट मोकळी करून दिली ते केंद्र सरकारने एप्रिल २०२१ मध्ये एका अध्यादेशाने बरखास्त केले. मंडळाच्या निर्णयाविरुद्ध दाद मागावयाची तर निर्मात्याला आता थेट उच्च न्यायालयात जावे लागते; तो खर्च आणि तो कालावधी बालाजीसारख्या संस्थेला परवडेल, परंतु किशोरी किंवा चिंधी पडद्यावर आणणाऱ्या कोल्हापूर-पुण्याकडील लहान निर्मात्याला परवडणारा नाही.